शून्य ते शंभर, व्हाया सिंहगड रोड

माझी गाडी शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरवर ९.७ सेकंदांत जाते, असं तिच्या कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. कंपनीवर माझा पूर्ण विश्वास आहे. तपासून बघायची वेळच सिंहगड रोडने कधी येऊ दिली नाही. त्यातलं शून्य मात्र मी रोज सकाळी स्वतः तपासतो आणि ते अगदी बरोबर निघतं. आता तिथे उड्डाणपूल झाले आहेत, त्यामुळे पूर्वी आम्ही जे खाली उभं राहून करायचो ते आता वर, जरा वाऱ्यावर करतो.

टॉमटॉम ही डच कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांची वाहतूककोंडी मोजते. २०२४ च्या तिच्या यादीत पुणं जगात चौथं आलं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. (कोलकाता आणि बंगळुरू आपल्या पुढे आहेत हे कळल्यावर आमच्या कट्ट्यावर बरीच हळहळ झाली. मोजायला आलेले लोक पेठांत शिरलेच नसणार, असं सर्वानुमते ठरलं.) हिशेब केला तर हा वेग ताशी अठरा किलोमीटर पडतो. माझी गाडी तो पहिल्या दीडेक सेकंदात गाठते. उरलेली आठ सेकंदं गेली कित्येक वर्षं माझ्या खात्यावर नुसती पडून आहेत, आणि त्यांचं काय करायचं यावर सध्या आमच्या घरात वाद चालू आहे. ही गाडी ठेवायची, की देऊन टाकून मोठी घ्यायची?

गाडी म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. रंग लाल. नाव जर्मन असलं तरी जन्म चाकणचा. कंपनीचा कारखाना तिथे २००९ मध्ये सुरू झाला. तोवर चाकण म्हटलं की कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग एवढंच आम्हाला माहीत. संग्रामदुर्ग हा तसा भुईकोट, आकाराने लहानसा. पण १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी त्याच्या जोरावर शाएस्ताखानाच्या अवाढव्य फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवलं होतं. तेव्हा आकार लहान पण दम मोठा, ही चाकणची जुनी परंपरा आहे, असं मी घरी सांगून पाहिलं. शेवटी किल्ला पडलाच ना, असं उत्तर मिळालं. इतिहास शिकलेली बायको असली की असं होतं.

या गाडीत १,१९७ सीसीचं इंजिन आहे, चार सिलिंडरचं, टर्बो लावलेलं. १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क. गिअरबॉक्स सात गिअरचा, आपला आपण बदलणारा, आणि त्यात क्लच एक नाही तर दोन. एक क्लच एक-तीन-पाच-सात हे विषम गिअर सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा हे सम. पहिला गिअर चालू असतानाच दुसरा क्लच पुढचा गिअर लावून तयार असतो, म्हणजे बदलताना क्षणही वाया जायला नको. हे तंत्रज्ञान ज्यांनी काढलं त्यांना माझा नमस्कार. पण माणिकबागेच्या सिग्नलला मला त्या दुसऱ्या क्लचची दया येते. पंगत अजून वरणभातावर असताना जिलबीचं ताट घेऊन उभ्या राहिलेल्या वाढप्यासारखा तो बिचारा तिष्ठत असतो, आणि पंगत काही वरणभातातून उठत नाही.

मोठ्या गाडीची मागणी पहिल्यांदा आईच्या गुडघ्यांनी केली. खेळकर स्वभावाच्या गाड्या जमिनीलगत असतात. वळणावर त्यांचा तोल राहतो तो त्यामुळेच. हे मी आईला वळणाचं चित्र काढून समजावलं. तिने चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "अरे, वळणावर तोल राहतो ते बरंय, पण वळणापर्यंत पोचायला आधी आत बसावं लागतं. तू मला गाडीत बसवतोस की विहिरीत उतरवतोस?" उतरताना तर दोघांनी दोन हात धरून तिला बाहेर काढावं लागतं. लग्नकार्याला गेलो की कार्यालयाच्या दारात हा सोहळा होतो आणि यजमानांना वाटतं, म्हातारीची तब्येत फारच खालावली.

बायकोचा मुद्दा गतिरोधकांचा. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप लिहून ठेवलेलं आहे: ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच, म्हणजे गाडीने त्यावरून ताशी पंचवीसने सहज जावं. आमच्या गल्लीतला गतिरोधक माननीयांच्या कृपेने एका रात्रीत झाला, आणि उरलेलं डांबर परत न्यायचं नाही एवढाच निकष तिथे पाळलेला दिसतो. चौघं गाडीत असली की पोट घासतं. त्यामुळे मी गतिरोधकाआधी दोघांना उतरवतो, पलीकडे जाऊन थांबतो, मग ती चालत येऊन पुन्हा बसतात. बायको म्हणते, "एवढं चालायचंच होतं तर भाजी पायीच आणली असती."

मुलाला फक्त सनरूफ हवं आहे. कशासाठी, हे त्याने सांगितलेलं नाही. पुण्यात छतातून वर डोकं काढलं तर एप्रिलमध्ये ऊन, जुलैमध्ये पाऊस आणि एरवी मेट्रोचा खांब दिसणार. पण वर्गातल्या सगळ्यांच्या गाड्यांना ते आहे, आणि या युक्तिवादाला तोड नाही.

आणि मेहुणे. मेहुण्यांचा शिरोळला ऊस आहे आणि दारात पांढरी, सात माणसांची, बैठ्या घराएवढी गाडी आहे. आमच्या गाडीबद्दल बोलायचा त्यांना पूर्वी नैतिक अधिकार नव्हता. पण पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, त्यातलं काही उसाचं, आणि तेव्हापासून ते फोनवर म्हणतात, "दाजी, तुमची गाडी पाचात एक हिस्सा माझ्या उसावर पळते बरं का." जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना हे इथेनॉल मानवेल की नाही, या काळजीत मी असतो, आणि मेहुणे मला उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, ऐकवत असतात.

आता माझं म्हणणं ऐका. मोठी गाडी हवी, याला घरचे जी कारणं देतात ती सगळी न घडणाऱ्या गोष्टींची आहेत. "पाहुणे आले तर?" पाहुणे येतात ते शिवनेरीने येतात, स्वारगेटला उतरतात आणि तिथून रिक्षाने घरी येऊन, तुम्ही उगाच त्रास घेतला असता म्हणतात. "सगळे मिळून कोकणात जायचं झालं तर?" सगळ्यांची रजा एकाच आठवड्यात मंजूर झाल्याचं आमच्या खानदानात उदाहरण नाही. "पुरात अडकलो तर?" ही भीती खरी आहे, खडकवासल्यातून पाणी सोडलं की सिंहगड रोडवरच्या काही सोसायट्यांत शिरतं, हे मान्य. पण तेव्हा गाडी तळघरात असते, आणि तळघरात उंच गाडीही बुडते. फक्त जरा उशिरा आणि जास्त पैशांची.

मात्र न्यायाने बोलायचं तर माझी कारणंही तितकीच हवेतली आहेत. मी ही गाडी वळणावळणाच्या, मोकळ्या, नुकत्याच डांबर पडलेल्या घाटासाठी घेतली होती. ताम्हिणीत रविवारी पहाटे असा रस्ता असतो असं सांगतात. रविवारी पहाटे मी झोपलेला असतो. त्यामुळे भांडण खरं तर दोन गाड्यांमध्ये नाहीच. न येणारे पाहुणे एकीकडे आणि न दिसलेला घाट दुसरीकडे, यांतल्या कुणासाठी कर्ज काढायचं एवढाच प्रश्न आहे. देशाने आपल्यापुरता निकाल केव्हाच लावला आहे: २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे ६५ टक्के गाड्या या उंच, दणकट दिसणाऱ्या वर्गातल्या होत्या. म्हणजे पाहुणे जिंकले.

ती आठ सेकंदं वापरायची महाराष्ट्रात एकच कायदेशीर जागा मला सापडली आहे: द्रुतगती मार्गावरचा टोलनाका. तिथे वेगमर्यादा शंभरची आहे, पुढे कॅमेरे आहेत, आणि सुरुवात सरकारच शून्यावर आणून ठेवतं. दांडी वर गेली. मी पाय दाबला. टर्बो जागा झाला, दुसऱ्या क्लचला प्रथमच काम मिळालं, गिअर एकामागून एक असे पडत गेले की काटा शंभरावर कधी आला कळलंच नाही. ताटकळलेल्या जिलब्या एकदम वाढल्या गेल्या. मी तृप्त होऊन आरशात पाहिलं तर आई मागच्या काचेतून वळून बघत होती. म्हणाली, "कोण लागलंय रे मागे? टोल दिलास ना?"

शोरूममध्ये जाऊन बघायला काय हरकत आहे, या वाक्याने आजवर किती घरं कर्जात गेली असतील! आम्हीही गेलो. विक्रेता जेमतेम पंचविशीतला, केसांना जेल लावलेला आणि अतिशय नम्र. आईला त्याने पुढच्या सीटवर बसवलं, आणि आई पाय न वाकवता, हात न धरता, सिंहासनावर बसावं तशी बसली. तिथेच मी हरलो होतो. पुढचं सगळं उपचार म्हणून चाललं. सीटच्या आतून गार वारा येतो हे कळल्यावर आईने तासभर उतरायचं नाव काढलं नाही.

"सर, यात लेन कीप असिस्ट आहे," विक्रेता म्हणाला. "गाडी आपली लेन सोडत असेल तर स्टीअरिंग आपोआप परत आणतं."

"पुण्यात लेन कुठे आहे?"

"नसेल तर ते बंद राहतं, सर."

म्हणजे कायम बंद राहणाऱ्या वस्तूचे पैसे. शिवाय उतारावर गाडी आपणहून सावकाश उतरवणारं एक बटण होतं, आणि दगडधोंडे, चिखल, वाळू अशा तीन प्रकारच्या जमिनींसाठी फिरवायची एक चकती होती. खोदलेल्या रस्त्यासाठी चौथी खूण त्यात नव्हती, नाहीतर मी तिथल्या तिथे सही केली असती.

मग किंमत निघाली, आणि किमतीच्या मागे सरकार. आपल्याकडच्या गाडीची लांबी अभियंते ठरवत नाहीत, अर्थमंत्री ठरवतात. २००६ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं अबकारी शुल्क कमी केलं, आणि त्या दिवसापासून भारतातल्या गाड्यांचं मोजमाप शिंप्याच्या फितीने होऊ लागलं. पुण्याच्या टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून २००८ मध्ये ती चार मीटरच्या आत बसवली. मग इतरांनीही कात्र्या काढल्या. माझी पोलो ३,९७१ मिलिमीटरची आहे, म्हणजे कायद्याच्या कडेवर २९ मिलिमीटर राखून उभी आहे. तिचं इंजिनही बाराशे सीसीला तीन सीसी कमी. एवढं काटेकोरपणे कायद्यात बसणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही. तो चार मीटरचा नियम जीएसटीतही उतरला: लहान गाडीला आता १८ टक्के, त्याबाहेर गेलात की ४०. त्यावर राज्याचा कर, पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहाच्या पुढे १२, विसाच्या पुढे १३. मी विक्रेत्याला म्हटलं, "म्हणजे लांबी फूटभर वाढली की कर दुपटीहून जास्त?" तो म्हणाला, "पण सर, आधी तर याहून जास्त होता, आता कमी झालाय." हा मुलगा पुढे जाणार.

कमी झाला तो कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ ला दरकपात जाहीर केली आणि लागू केली २२ सप्टेंबरपासून. मधले दिवस बहुतेक पितृपंधरवड्याचे, आणि २२ ला घटस्थापना. एरवीही त्या पंधरवड्यात मराठी माणूस गाडी घेत नाही; या वेळी अर्थशास्त्र आणि पंचांग एका सुरात नको म्हणत होते. माझ्या उभ्या आयुष्यात केंद्र सरकार आणि दाते पंचांग यांचं एवढं एकमत मी पाहिलेलं नाही. आम्हीही या एकमताचा मान राखून थांबलो. मग नवरात्रात रंग ठरेना: बायकोला पांढरा, मुलाला काळा, आईला "डाग दिसणार नाहीत असा." दसऱ्याला ठरला तर त्या रंगाला वेटिंग निघालं. दिवाळीच्या पाडव्याला अर्धा मुहूर्त असतो म्हणून अर्धाच निर्णय घेतला: मोठी घ्यायची हे नक्की, कधी ते नंतर बघू. गुढीपाडव्याला शेअर बाजार पडलेला होता. अक्षय्य तृतीयेला घेतलेली वस्तू अक्षय राहते म्हणतात, तिच्या कर्जाचे हप्तेही राहतील या भीतीने मी गप्प बसलो.

पार्किंगचं मी अजून घरी बोललेलो नाही. तो माझा हुकमाचा पत्ता आहे. आमची सोसायटी स्कूटरच्या काळातली. माझी जागा दोन खांबांच्या मध्ये आहे. पोलोची रुंदी १,६८२ मिलिमीटर. सध्याच्या मधल्या आकाराच्या उंच गाड्या १,७९०च्या घरात. फरक साधारण हाताच्या पंजाएवढा. पण तेवढ्याच पंजाएवढं दार उघडून मी सध्या बाहेर पडतो. नवी गाडी जागेत जाईल, आत कुलूपबंद राहील आणि मी तिच्यात राहीन. सनरूफचा खरा उपयोग मला इथे दिसला, पण तो मुलाला सांगितला तर माझा पत्ता वाया जाईल.

बाकी राहिले पैसे. विम्याच्या कागदावर गाडीची जी किंमत लिहितात तिचा घसारा पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के, असा ठरलेला असतो. पाच वर्षांपुढे कंपनीने आणि मालकाने आपसात ठरवायचं. म्हणजे ती सांगते, मी हो म्हणतो. दावा न केल्याचा बोनस पन्नास टक्क्यांवर जाऊन थांबला आहे, आणि तो गाडीचा नसून मालकाचा असतो, नव्या गाडीवर नेता येतो, हे बायकोने कुठूनतरी शोधून काढलंय. २०२८ मध्ये नोंदणीला पंधरा वर्षं होतील, मग तपासणी करून घेऊन पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण. उच्च सुरक्षा नंबर प्लेटचं आम्ही पुणेरी शिस्तीने, मुदत संपायच्या आदल्या दिवशी करणार होतो. पण मुदतच इतक्या वेळा पुढे गेली की आदला दिवस कोणता ते कळेनासं झालं. आणि गॅरेजवाला. तो गाडीखाली झोपून, चाक हलवून, बाहेर येऊन हात पुसतो आणि दर वेळी तेच म्हणतो, "साहेब, बुश गेलेत, लिंक रॉड वाजतोय. रस्तेच असे आहेत. पण इंजिन? इंजिनला हात लावू नका." इंजिनाबद्दल बोलताना तो आवाज खाली आणतो, आणि मी बिल न वाचता पैसे देतो.

याच जातीची नवी गाडी का घेत नाही, असं एखादा विचारेल. पोलो २०२२ मध्ये बंद झाली. खेळकर छोट्या गाड्या आपल्याकडे नांदत नाहीत. रांजणगावला बनलेली पुंटो अबार्थ आठवा, कौतुक सगळ्यांनी केलं आणि विकत कुणी घेतली नाही. २०२५ मध्ये पोलोची थोरली बहीण गोल्फ जीटीआय जर्मनीहून आली, किंमत ५३ लाख. तेवढ्यात चाकणला कारखान्याजवळ फ्लॅट येतो, आणि त्याला पार्किंगही असतं.

शेवटी घरच्यांच्या समाधानासाठी मी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, बोनटवर टकटक केलं आणि असा आकडा सांगितला की मला पाणी प्यावं लागलं. "साहेब, मॉडेल बंद झालंय," तो म्हणाला. दोन दिवसांनी मित्राच्या ओळखीचा एक मुलगा आला. चाकणलाच सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली नाही. चावी मागितली, इंजिन सुरू केलं, डोळे मिटले आणि ऐकत बसला.

"काका, चार सिलिंडरची ना? २०२० मध्ये तीनची आली. ताकद थोडी जास्त, पण हा आवाज नाही." मग हळूच म्हणाला, "स्टेज वन केलंय का?"

मला वाटलं, तो तब्येतीची चौकशी करतोय. इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवतात त्याला तसं म्हणतात, हे त्याने समजावलं. आईने त्याला चहा दिला आणि लग्न झालंय का विचारलं.

"मेमध्ये आहे, आजी. म्हणून तर घाई आहे. लग्नानंतर घरचे उंचच गाडी घ्यायला लावतील."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला नाउमेद करणं माझं कर्तव्य होतं. व्यापाऱ्याने सांगितलेल्या आकड्यात दीड लाख मिळवून मी किंमत सांगितली. तो क्षणभर थांबला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "चालेल काका. टोकन आत्ता ट्रान्सफर करू?"

माझ्या घशाला कोरड पडली. "तसं नाही," मी म्हटलं, "जरा घरी विचारून सांगतो."

"विचारा की," स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी घरीच आहे. आणि त्यांना सांगा, मागचे दोन टायर नवीन आहेत, त्यांचे वेगळे पडतील."